दाखला आला, कार्ड आलं नाही : शाळांची रचना बदलते तेव्हा आरोग्यसेवेचं काय होतं?

मी चौथीत असताना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत डॉक्टरांचं पथक आलं होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि एकेक डोळा झाकून वाचायला सांगितलं. डाव्या डोळ्यानं मला खालच्या तीन ओळी दिसल्या नाहीत. माझ्या कार्डावर 'पुढील तपासणी आवश्यक' असा शेरा पडला आणि कार्ड ऑफिसातल्या कपाटात गेलं. आमची शाळा चौथीपर्यंतच होती, त्यामुळे जूनमध्ये मी तालुक्याच्या हायस्कुलात पाचवीला गेले. माझ्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला आला. कार्ड आलं नाही.

चष्मा लागला सातवीत. त्याआधीची दोन वर्षं मी शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून फळा उतरवून घ्यायचे आणि गणिताच्या सरांच्या लेखी मी 'लक्ष नसलेली मुलगी' होते. आता मागे वळून बघताना चूक कुणाची हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. डॉक्टरांनी दोष बरोबर पकडला होता. शाळेनं कार्ड जपून ठेवलं होतं. हायस्कुलाला तर कुणी काही कळवलंच नव्हतं. प्रत्येकानं आपलं काम केलं आणि तरी मूल मधल्या फटीत पडलं.

एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ला आले तेव्हा सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यावर मी शीर्षक दिलं होतं, 'शिक्षण व आरोग्य विभागांतील समन्वयाचा अभाव'. गाईडनी 'अभाव' या शब्दाखाली लाल रेघ मारली. म्हणाल्या, "अभाव कसा मोजणार? जोड कुठं आहे आणि तो कुठं तुटतो, ते दाखव." आजचा लेख त्या लाल रेघेबद्दल आहे. तुमच्यापैकी अनेक जण सध्या पेट किंवा नेट देऊन विषय शोधत असाल. 'समन्वय', 'सहकार्य', 'एकात्मिक दृष्टिकोन' असले शब्द तुमच्याही शीर्षकात येतील, तेव्हा हा इतिहास उपयोगी पडेल.

इंग्लंडच का?

कारण या प्रश्नावर तिथं दीडशे वर्षांचा सलग कागद आहे. शाळांची व्यवस्था आणि आरोग्याची व्यवस्था तिथं आळीपाळीनं बदलत गेली. कधी शाळा हलल्या आणि आरोग्यखातं जागेवर राहिलं, कधी उलटं झालं. आम्ही विज्ञानवाले प्रयोगशाळेत एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतो. इतिहासात ते कुणी आपल्यासाठी करून ठेवत नाही, पण इंग्लंडची गोष्ट त्याच्या बरीच जवळ जाते.

ही गोष्ट वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवा. एक, शाळेत येणाऱ्या डॉक्टर-नर्सला पगार कोण देतं? दोन, शाळांची हद्द आणि आरोग्यखात्याची हद्द एकच आहे का? तीन, मुलाची नोंद कुणाकडे असते आणि मूल हललं की ती हलते का? कायद्यात 'परस्पर सहकार्य करावे' असं कितीही वेळा लिहिलेलं असो, प्रत्यक्षात काय होईल ते या तीन उत्तरांवर बरंच ठरतं.

शाळा सक्तीची झाली आणि आजार दिसू लागले

१८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं इंग्लंडमध्ये, जिथं चर्चच्या शाळा पुरेशा नव्हत्या तिथं, निवडून आलेली स्कूल बोर्डं स्थापन करण्याची सोय झाली. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना हजेरी सक्तीची झाली. तोवर घरात, गिरणीत, रस्त्यावर विखुरलेली गरीब मुलं पहिल्यांदाच एका खोलीत एकत्र बसली. उपाशी, खरजेनं भरलेली, ऐकू न येणारी, फळा न दिसणारी मुलं शिक्षकांच्या नजरेसमोर आली. आजार आधीपासून होतेच, शाळेमुळे ते मोजण्याजोगे झाले.

पण शाळांचं सरकारी अनुदान अनेक वर्षं हजेरीशी बांधलेलं होतं. गोवराच्या साथीत मूल घरी ठेवावं असं आरोग्याच्या माणसाला वाटे, आणि बाकं रिकामी राहिली की शाळेचे पैसे बुडत. दोन्हीकडची माणसं भली असली तरी मोजमापाची पद्धत त्यांना एकमेकांसमोर उभी करते. शिक्षणखातं कशाच्या आधारावर पैसे देतं, हे सहकार्याचा अभ्यास करताना आधी बघून घ्या.

स्कूल बोर्डं आपापल्या कुवतीप्रमाणे प्रयोग करत होती. लंडनच्या बोर्डानं १८९० मध्ये वैद्यकीय अधिकारी नेमला. १८९३ मध्ये लोकरीच्या गिरण्यांच्या ब्रॅडफर्ड शहरानं डॉ. जेम्स कर यांना नेमलं. तिथंच १८९४ मध्ये मार्गारेट मॅकमिलन बोर्डावर निवडून आल्या. मुलांची तपासणी, शाळेतली न्हाणीघरं, जेवण यांसाठी त्या भांडत राहिल्या. इथं डॉक्टर शाळेच्याच बोर्डाच्या पगारावर होता. म्हणजे सहकार्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता, कारण दोन्ही कामं एकाच घरात होती. मात्र अशी बोर्डं थोडी आणि चर्चच्या शाळा त्यांच्या बाहेर.

१९०२ आणि १९०७ : दोन कायदे, एक जोडी

१९०२ च्या कायद्यानं ही अडीच हजारांच्या आसपास असलेली स्कूल बोर्डं मोडीत काढली. शाळा काउंटी आणि शहरांच्या कौन्सिलांकडे गेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्हा परिषदा आणि महापालिकांकडे. चर्चच्या शाळाही काही अंशी त्याच छत्राखाली आल्या.

याचे दोन परिणाम झाले आणि ते परस्परविरुद्ध आहेत. पहिला तोट्याचा. स्कूल बोर्डावर स्त्रिया निवडून येऊ शकत, कौन्सिलवर त्यांना तेव्हा उभं राहता येत नव्हतं. मॅकमिलनबाईंची निवडून आलेली जागा कायद्याबरोबरच गेली आणि त्या ब्रॅडफर्ड सोडून लंडनला गेल्या. शालेय आरोग्याचा सर्वांत आग्रही आवाज एका शैक्षणिक सुधारणेनं सभागृहाबाहेर काढला.

दुसरा परिणाम फायद्याचा. शहरांच्या कौन्सिलांकडे साथी आणि सांडपाणी बघणारे आरोग्य अधिकारी आधीपासून होते. आता शाळाही त्याच कौन्सिलकडे आल्या. सरकारला आदेश द्यायचा तर समोर हजारो शाळा-समित्यांऐवजी तीनशेहून थोडी जास्त प्राधिकरणं उरली. बोअर युद्धात सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण शरीरानं अपात्र ठरल्यामुळे देशात काळजी पसरली होती. 'शारीरिक ऱ्हासा'वर नेमलेल्या समितीनं १९०४ मध्ये शाळेतल्या वैद्यकीय तपासणीची शिफारस केली. १९०६ मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदा आला. १९०७ मध्ये 'शिक्षण (प्रशासकीय तरतुदी) कायदा' अशा कंटाळवाण्या नावाच्या कायद्यातल्या एका कलमानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी प्राधिकरणांवर बंधनकारक केली. शिक्षण मंडळाचे सचिव रॉबर्ट मोरँट यांनी या कामासाठी डॉ. जॉर्ज न्यूमन यांना आणलं. त्याच वर्षी निघालेल्या परिपत्रक ५७६ मध्ये शाळेची तपासणी आणि गावाची आरोग्यव्यवस्था एकमेकींत गुंफलेल्या असाव्यात यावर भर होता.

एक गोष्ट मात्र राहून गेली. बंधन होतं ते तपासणीचं, उपचाराचं नव्हतं. उपचार करायचे की नाही हे प्राधिकरणाच्या मर्जीवर होतं. त्यामुळे दोषांच्या याद्या तयार झाल्या, पण त्यांचं पुढे काय व्हायचं ते गावागणिक वेगळं राहिलं. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या उपचारांची सोय करणं हे कर्तव्य व्हायला १९१८ चा कायदा उजाडावा लागला. तपासणी आणि उपचार यांत ११ वर्षांचं अंतर. माझ्या कपाटातल्या कार्डाची आठवण होते की नाही?

१९१९ मध्ये इंग्लंडमध्ये स्वतंत्र आरोग्य मंत्रालय निघालं. आता शाळेतलं आरोग्य कुणाचं? तेव्हा काढलेला तोडगा साधा होता. न्यूमन यांनाच दोन्हीकडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी केलं. १९३५ पर्यंत ते दोन्ही खुर्च्यांवर होते. खाती दोन झाली, पण त्यांच्यामधली शिवण एका माणसाच्या अंगावर पांघरली गेली.

'शिवण' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दोन खात्यांच्या मधे शिवण असणारच. सुधारणा ती नाहीशी करत नाही, दुसरीकडे सरकवते. पुढचा सगळा इतिहास या सरकत्या शिवणीचा आहे.

एका छपराखालची ३० वर्षं

१९४४ च्या शिक्षण कायद्यानं माध्यमिक शिक्षण सर्वांना खुलं केलं, आणि त्याबरोबर तपासणी व मोफत उपचारांची जबाबदारी माध्यमिक शाळांपर्यंत वाढली. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस सुरू झाली. आपल्याला वाटेल की आता शाळेचे डॉक्टर एनएचएसमध्ये गेले असतील. तसं झालं नाही. शालेय आरोग्यसेवा शिक्षण प्राधिकरणाकडेच, म्हणजे कौन्सिलकडे राहिली. कौन्सिलचा आरोग्य अधिकारीच बहुतेक ठिकाणी शाळांचा मुख्य वैद्यकीय अधिकारी असे.

आपले तीन प्रश्न लावून बघा. पगार कौन्सिलचा. हद्द एकच. नोंदी एकाच संस्थेत. पण त्यामुळे शिवण गेली का? ती शाळेचा डॉक्टर आणि इस्पितळाचा डॉक्टर यांच्यामध्ये गेली. शाळेचा डॉक्टर दोष शोधायचा आणि उपचार दुसऱ्या संस्थेत व्हायचे. शिक्षणाशी जवळीक साधताना उपचारांशी थोडं अंतर पडलं.

या काळात आणखी एक सीमा होती आणि ती जास्त क्रूर होती. १९४४ च्या कायद्यानुसार काही मुलांना 'शिक्षणाला अपात्र' ठरवून आरोग्य विभागाकडे सोपवता येत असे. ही मुलं शाळेत नव्हे, प्रशिक्षण केंद्रांत किंवा इस्पितळांत वाढत. १९७० च्या कायद्यानं ही वर्गवारी रद्द केली आणि १ एप्रिल १९७१ पासून या मुलांची जबाबदारी शिक्षणखात्याकडे आली. अनेक केंद्रं त्या दिवशी कागदोपत्री विशेष शाळा झाली. मुलं तीच, पण ३१ मार्चला जो आरोग्याचा विषय होता तो दुसऱ्या दिवशी विद्यार्थी झाला. शैक्षणिक सुधारणांनी आरोग्यसेवेशी नातं बिघडतंच असा निष्कर्ष काढायची घाई करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. काही वेळा शिवण सरकवणं हाच न्याय असतो.

१ एप्रिल १९७४

या दिवशी इंग्लंडमध्ये दोन मोठे बदल एकदम झाले. स्थानिक स्वराज्य संस्थांची नवी रचना आली आणि एनएचएसचीही. कौन्सिलच्या आरोग्य अधिकाऱ्याचं पद रद्द झालं. शाळेचे डॉक्टर आणि नर्स कौन्सिल सोडून एनएचएसच्या क्षेत्र आरोग्य प्राधिकरणांकडे गेले.

हेतू चांगलाच होता. शाळेतली तपासणी, इस्पितळातला उपचार आणि घराजवळचा डॉक्टर हे सगळं एका आरोग्यव्यवस्थेत यावं, म्हणजे मुलाची प्रकृती तुकड्यांत बघितली जाणार नाही. डोनाल्ड कोर्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९७६ मध्ये हाच धागा पुढे नेत मुलांसाठी एकसंध आरोग्यसेवेची कल्पना मांडली. पण आरोग्याच्या आत एकी साधताना आरोग्य आणि शाळा यांच्यात भिंत आली. कालपर्यंत एका कॉरिडॉरमध्ये बसणारे दोन अधिकारी आता दोन संस्थांत गेले. मग त्यांच्यासाठी संयुक्त सल्लागार समित्या कायद्यानं नेमाव्या लागल्या. माझा अनुभव असा की 'समन्वय समिती' हा शब्द कागदपत्रांत दिसू लागला की त्याच्या थोडं मागं जाऊन बघावं. तिथं हमखास काहीतरी तुटलेलं सापडतं.

तरी एक गोष्ट शाबूत ठेवली होती, ती म्हणजे हद्द. इंग्लंडमधली ९० क्षेत्र आरोग्य प्राधिकरणं साधारणपणे नव्या कौन्सिलांच्या नकाशावर बेतलेली होती. १९८२ मध्ये खर्च आणि अधिकाऱ्यांचे थर कमी करायचे म्हणून क्षेत्रं रद्द झाली आणि १९२ जिल्हा आरोग्य प्राधिकरणं आली. आता एकाच काउंटीच्या शिक्षण अधिकाऱ्यासमोर अनेक आरोग्य प्राधिकरणं आली, प्रत्येकाचे नियम आणि प्रत्येकाची पैशांची चणचण वेगळी. पगार आधीच वेगळा झाला होता, आता नकाशाही वेगळा झाला.

बोलायला शिकवणं हे शिक्षण की उपचार?

नेमक्या याच वेळी शाळांच्या बाजूनं सहकार्याची गरज वाढली. मेरी वॉर्नक यांच्या समितीच्या १९७८ च्या अहवालानंतर १९८१ चा शिक्षण कायदा आला. विशेष गरजा असलेल्या मुलाचं मूल्यमापन शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर अशा अनेकांच्या सल्ल्यानं करून लेखी 'स्टेटमेंट' द्यायचं असं ठरलं. म्हणजे शिक्षणखात्याच्या कागदावर आरोग्यखात्याची माहिती सक्तीची झाली. पण त्या कागदात लिहिलेली थेरपी पुरवण्याचा बोजा कुणावर?

मूल अडखळत बोलतं, त्याला स्पीच थेरपी हवी. थेरपिस्ट एनएचएसच्या पगारावर. आरोग्यखातं म्हणतं, आमच्याकडे माणसं नाहीत. शिक्षणखातं म्हणतं, हा उपचार आहे, आमचं काम नाही. हा वाद कोर्टात गेला. १९८९ मध्ये लँकेशायरच्या एका प्रकरणात अपील न्यायालयानं मान्य केलं की स्पीच थेरपी ही शैक्षणिक तरतूदही असू शकते. एका मुलाला बोलायला शिकवायचं की नाही हे 'शिक्षण' या शब्दाच्या व्याख्येवर अडलं होतं! पुढे १९९३ आणि १९९६ च्या शिक्षण कायद्यांत आरोग्य प्राधिकरणानं मदतीची विनंती मान्य करावी अशी तरतूद झाली. पण पळवाटही तिथंच होती. आपल्या साधनांचा विचार करता ते वाजवी नसेल तर नकार देता येत होता.

दरम्यान १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानं अंदाजपत्रक शाळांच्या हातात दिलं. काही शाळांना कौन्सिलमधून बाहेर पडायची मुभा मिळाली. मुख्याध्यापकांना मोकळीक मिळाली हे खरंच. पण आरोग्यखात्यानं आता बोलणी कुणाशी करायची? पूर्वी एका शिक्षण अधिकाऱ्याशी ठरलं की सगळ्या शाळांना लागू व्हायचं. आता प्रत्येक शाळेचा दरवाजा वेगळा वाजवायचा. टेबलाच्या पलीकडची खुर्चीच विखुरली.

उलटी अदलाबदल

फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी छळामुळे मरण पावली. इस्पितळं, समाजसेवा, पोलीस या सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालानंतर २००४ चा बाल कायदा आला आणि त्यात सहकार्याचं स्पष्ट कर्तव्य घातलं गेलं. पण ज्या भागीदारांवर हे कर्तव्य होतं त्या मूळ यादीत शाळाच नव्हत्या! २००९ च्या कायद्यानं त्या घालण्यात आल्या. मूल दिवसाचे सहा-सात तास जिथं असतं, तीच जागा यादीतून सुटली होती.

२०१० च्या अकॅडमी कायद्यानंतर शाळा झपाट्यानं कौन्सिलच्या अखत्यारीतून बाहेर पडू लागल्या. अकॅडमी शाळेला पैसे थेट केंद्र सरकारकडून मिळतात. काही वर्षांतच बहुसंख्य माध्यमिक शाळा अकॅडमी झाल्या. आणि आता तारीख बघा. १ एप्रिल २०१३ पासून, २०१२ च्या आरोग्य कायद्यानुसार, सार्वजनिक आरोग्याचं काम आणि त्यासोबत शालेय नर्सिंगची सोय करण्याची जबाबदारी एनएचएसकडून कौन्सिलकडे परत आली.

हे दोन वाक्यं पुन्हा वाचा. १९७४ मध्ये शाळा कौन्सिलकडे राहिल्या आणि नर्स बाहेर गेली. २०१३ मध्ये नर्सची जबाबदारी कौन्सिलकडे परत आली, तोवर शाळा बाहेर पडू लागल्या होत्या. ३९ वर्षांनी एक जण घरी परतला आणि दुसरा निघून गेलेला. दोन्ही सुधारणा आपापल्या खात्याच्या तर्कानं सुसंगत होत्या. पण त्या एका टेबलावर शेजारी ठेवून बघितल्याशिवाय ही विसंगती दिसत नाही. फक्त शिक्षणाचा इतिहास वाचणाऱ्याला ती दिसणार नाही, आणि फक्त आरोग्याचा वाचणाऱ्यालाही नाही.

२०१४ च्या बाल व कुटुंब कायद्यानं शिक्षण, आरोग्य आणि काळजी यांचा एकच आराखडा आणला, वयाच्या पंचविशीपर्यंत चालू शकणारा. यात आरोग्याच्या बाजूनं नमूद केलेली सेवा पुरवणं आरोग्य संस्थेवर बंधनकारक झालं. १९९६ च्या पळवाटेपेक्षा हे मोठं पाऊल आहे. तरी २०२२ मध्ये आरोग्याची रचना पुन्हा बदलली आणि ४२ नवी मंडळं आली. खुर्चीवरचा माणूस पुन्हा नवा.

आपल्या अंगणात

आपल्याकडचा दुवा फार लांब नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तिथूनच मोजतात. इंग्लंडला सक्ती ते तपासणी या प्रवासाला २७ वर्षं लागली, बडोद्याला तीन. (एकामुळे दुसरं झालं असं मात्र लगेच लिहू नका. एकापाठोपाठ एक घडणं म्हणजे कारण नव्हे, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.)

स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यावर स्वतंत्र समिती नेमली गेली, १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रं एकाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याखाली आली. १९७४ आधीच्या इंग्रजी कौन्सिलशी हे चित्र बरंच जुळतं. पण शिवण इथंही आहे. जिल्हा रुग्णालय जिल्हा परिषदेचं नाही, राज्याचं. गावातलं हायस्कूल बहुधा खासगी संस्थेचं. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तालुका पातळीवरची फिरती पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत तपासणी करतात, वयोगट जन्मापासून १८ पर्यंत. म्हणजे पथक मुलाच्या वयामागे जातं, पण मूल मात्र अंगणवाडी, झेडपीची शाळा, हायस्कूल अशा तीन वेगवेगळ्या मालकांच्या इमारती ओलांडत जातं. प्रत्येक उंबरठ्यावर एक शिवण.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'समन्वय आहे का?' हा प्रश्न विचारला की मुलाखतीत सगळे अधिकारी 'आहे' म्हणतात. मी पहिल्या पाच मुलाखतींत तेच ऐकलं आणि हताश झाले. मग प्रश्न बदलला. 'गेल्या वर्षी संदर्भित केलेल्या मुलांची यादी कुणाच्या रजिस्टरात आहे? ती मुलं आता कुठल्या शाळेत आहेत? त्या शाळेला हे कुणी कळवलं?' तेव्हा कुठं माणसं खुर्ची पुढे ओढून बोलायला लागली. एका आरोग्यसेविका ताईंनी स्वतःच्या वहीत दरवर्षी चौथीतून बाहेर पडणाऱ्या, दोष असलेल्या मुलांची नावं लिहून ठेवली होती आणि जूनमध्ये त्या स्वतः हायस्कुलात जाऊन ती वर्गशिक्षकांना देत असत. कुठल्याही शासन निर्णयात ही वही नाही. त्या तालुक्यातला समन्वय म्हणजे ती वही होती, आणि ताईंची बदली झाली तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून शालेय सुधारणेचा कुठलाही शासन निर्णय किंवा कायदा हातात आला की आधी पगार, हद्द आणि नोंद शोधा. मग त्याच वर्षाचे आरोग्यखात्याचे कागद शेजारी ठेवा, तारखांसकट. बदल कुठं झाला यापेक्षा त्यामुळे शिवण कुठं सरकली आणि ती ओलांडायचं काम कुणावर आलं, हे लिहा. बहुतेक वेळा ते काम सर्वांत लहान माणसावर आलेलं असतं.

क्षेत्रकार्यासाठी मी गेल्या वर्षी एका चौथीपर्यंतच्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापक बाई दाखल्यांवर सह्या करत होत्या आणि मागच्या कपाटात आरोग्याची कार्डं होती. मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग कपाट उघडलं, चौथीचा गठ्ठा काढला आणि एकेक कार्ड ज्याच्या त्याच्या दाखल्याला टाचणी लावून जोडायला लागल्या. मी टाचण्या देत बसले.